पन्नास दाब

रिव्हॉल्वर दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींचा अभिप्राय म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. चाप कसा आहे हे त्यांच्या बोटाने ठरवलं की विषय संपला. दुकानाची रीतच तशी होती. खोटी काडतुसं भरायची, डोळे मिटायचे, पन्नास वेळा चाप दाबायचा आणि मग कागदावर दोन ओळी लिहून सही करायची. मिस्त्री अडुसष्ट वर्षांचे झाले होते, पण वय गुडघ्यांना असतं, बोटाला नसतं, असं ते गिऱ्हाइकांना ऐकवत. नाकावर माशी बसू न देणारा माणूस, कोण उलटून बोलणार?

दोन महिन्यांपूर्वी पहारेकरी पुरवणाऱ्या एका कंपनीचे साहेब दोन नमुने घेऊन आले. एकाचा घोडा, म्हणजे काडतुसावर आदळणारा तुकडा, मागून बाहेर डोकावणारा. दुसऱ्याचा आत झाकलेला, म्हणजे कोटाच्या खिशात अडकायला नको. चाळीस नग घ्यायचे होते. कुठले, ते मिस्त्रींनी सांगायचं.

बाहेरचा घोडा अंगठ्याने मागे ओढून ठेवला की चाप नुसतं बोट टेकलं तरी सुटतो. मिस्त्रींनी पंचेचाळीस वेळा तसंच केलं. उरलेले पाच दाब अंगठा न लावता दिले, तेवढ्यात बोट भरून आलं. झाकलेल्या घोड्याला अंगठा लावायची सोयच नसते. प्रत्येक दाब लांबलचक आणि सगळा भार एकट्या बोटावर. तरीही तो चाप पन्नासच्या पन्नास वेळा अलगद मागे आला. जन्मभर बाहेरच्या घोड्याची बाजू घेणाऱ्या मिस्त्रींनी त्या दिवशी लिहून दिलं, झाकलेला घ्या, चाप मऊ आहे, लहान हातालाही जमेल.

आज सकाळी एक लहान चणीची पहारेकरीण आली आणि तिने त्या चाळिसांतलं आपलं रिव्हॉल्वर टेबलावर ठेवलं. नेमबाजीच्या चाचणीत तिच्या सहा गोळ्या वेळेत सुटल्या नव्हत्या. बोट अर्ध्यातच अडतं, म्हणाली. सोमवारी पुन्हा चाचणी होती आणि तीही गेली तर नोकरी जाणार होती.

“तुम्ही मऊ लिहिलंत, म्हणून मला वाटलं माझ्याच हातात दोष आहे,” ती म्हणाली.

मिस्त्री हसले आणि त्यांनी चाप दाबला. अर्ध्यावर बोट थांबलं. जोर लावला तेव्हा कसाबसा घोडा पडला. आत गंज असेल असं काहीतरी पुटपुटून त्यांनी तिला तासाभराने यायला सांगितलं.

उघडून पाहिलं तर आत सगळं लख्ख होतं आणि स्प्रिंग कारखान्यातून आली तशीच होती. मग त्यांनी कपाटातून झाकलेल्या घोड्याचा नमुना काढला. कंपनीने तो त्यांच्याकडेच ठेवला होता. त्याची स्प्रिंग दोन वेढे कमी होती, म्हणूनच चाप मऊ लागला होता. कापलेलं टोक इतकं गुळगुळीत घासलं होतं, की सुताचा धागासुद्धा अडकू नये. कुणाला दिसणार नाही ते टोकही असंच घासायचं, हे मिस्त्रींनी जगात एकाच माणसाला शिकवलं होतं.

शेजारच्या टेबलावर त्यांच्या धाकट्या बहिणीची कानस थांबली होती.

“कधीपासून?” त्यांनी विचारलं.

“दोन वर्षं झाली, दादा. झाकलेल्या घोड्याचं येतं तेवढंच. तुझं तपासून झालं की मूळ स्प्रिंग परत घालते. हा नमुना इथेच राहिला, म्हणून राहून गेलं. बाहेरच्या घोड्याला तू अंगठ्यावर निभावून नेतोस. इथे साहेबांसमोर विसाव्या दाबालाच अडला असतास. मला वाटलं, नेहमीसारखा तू बाहेरचाच सुचवशील.”

“आणि नाही सुचवला, तेव्हा?”

तिने कानस उचलली आणि पुन्हा खाली ठेवली.

“अजून कुणाला माहीत आहे?”

“वहिनीला. बरण्यांची झाकणं तुला निघत नाहीत, हे तिनेच मला सांगितलं.”

समोरच्या दुकानदाराने हे केलं असतं तर मिस्त्रींनी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता. पण घरच्याच दोघींनी केसाने गळा कापला होता, तोही मायेने, म्हणजे ओरडायचीही सोय नाही. दोन वर्षं ते गिऱ्हाइकांसमोर ऐटीत डोळे मिटून बसत होते आणि ही शेजारी बसून बघत होती. त्यांना संतापापेक्षा लाज जास्त वाटली.

त्यांनी नमुन्यात नवी स्प्रिंग घातली आणि दोन्ही रिव्हॉल्वरं बहिणीपुढे सरकवली.

“तू दाब. पन्नास-पन्नास. आणि जे असेल ते लिही. सही तुझी.”

ती रडत रडत दाबत होती आणि मिस्त्री डोळे उघडे ठेवून मोजत होते. झाकलेला घोडा जड निघाला. तिने तसं लिहिलं, लहान हातांना अंगठ्याची सोय असलेलं द्यावं, असं खाली जोडलं. आधीचा अभिप्राय रद्द, एवढी ओळ मिस्त्रींनी स्वतः लिहिली. पहारेकरीण परतली तेव्हा कागद तिच्या हाती दिला, कंपनीकडचं नमुन्याचं बाहेरच्या घोड्याचं रिव्हॉल्वर सोमवारपुरतं मागून घे म्हणाले आणि तिची माफी मागितली. बहिणीशी मात्र ते दिवसभर बोलले नाहीत.

संध्याकाळी घरी बायकोने चहाचं पाणी ठेवलं आणि नेहमीसारखी साखरेची बरणी त्यांच्यापुढे सरकवली. मिस्त्रींनी झाकणाला हात लावला. ते लगेच निघालं, आधीच सैल करून ठेवल्यासारखं. त्यांनी ते पुन्हा घट्ट लावलं, शक्ती होती तेवढी लावून, आणि बरणी तिच्याकडे परत सरकवली.

“मला बिनसाखरेचा दे,” ते म्हणाले.