स्वच्छ घराणं

“दोघांपैकी कुणाच्या घरात डाउन सिंड्रोम असलेलं कुणी आहे का?” कौमुदीच्या पोटावरून सोनोग्राफीचं यंत्र फिरवता फिरवता डॉ. सुंदरींनी विचारलं.

“छे, कुणीच नाही,” विजयेंद्र म्हणाला. “दोन्हीकडे सगळं क्लीन.”

कौमुदीनं मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं. चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नव्हती. त्याचा सख्खा थोरला भाऊ वेंकोबा या घडीला मैलापूरच्या घरी आईपाशी बसून शेंगा सोलत असेल. चाळिशी ओलांडलेला, बुटका, गोल चेहऱ्याचा वेंकोबा, जन्मापासून डाउन सिंड्रोम असलेला. याच भावाच्या पाठुंगळी बसून विजयेंद्र लहानपणी देवळात जायचा, असं सासूबाई सांगत.

कौमुदी मूळची साताऱ्याची, नोकरीमुळे चेन्नईत आलेली. पिढ्यान्पिढ्या तिकडेच राहिलेल्या तंजावरी मराठी घराण्यातलं हे लग्न उशिराच जमलं. “भाऊ जरा भोळा आहे,” असं तेव्हा सांगितलं होतं. त्या भोळ्याशी तिचं सहज जमलं. शहाणा मात्र महिन्यागणिक मनातून उतरत गेला.

पडद्यावर बाळाच्या मानेमागचं पाणी जरा जास्त दिसत होतं. मग कौमुदीच्या रक्ताचा रिपोर्टही डाउन सिंड्रोमची जोखीम जास्त असल्याचा आला.

“म्हणजे दोष आहेच असं नाही,” डॉक्टरांनी फोनवर समजावलं. “थोडे दिवस थांबून गर्भजलाची तपासणी करू, मग नक्की कळेल. दोघंही या.”

विजयेंद्र श्रीपेरुंबुदूरच्या एका मोटार कारखान्यात सुटे भाग तपासणाऱ्या खात्याचा मॅनेजर होता. तपासणीच्या दिवशी दवाखान्यात जायला रिक्षात बसल्यावर तो म्हणाला, “आमच्या लाइनवर डिफेक्ट पहिल्याच स्टेजला सापडला की पार्ट पुढे पाठवतच नाहीत. रिपोर्टसाठी थांबायचं कशाला? आत्ताच मोकळे होऊ.”

“घरी अम्मांना सांगशील हे? वेंकोबासमोर?”

“त्याचा काय संबंध इथं?”

कौमुदीला त्याच्या इस्त्रीच्या शर्टाची, खिशाला लटकणाऱ्या ओळखपत्राची, सगळ्याचीच किळस आली.  दवाखान्यात खुर्चीवर बसता बसता ती शांतपणे म्हणाली, “डॉक्टर, त्या दिवशी एक सांगायचं राहिलं. यांच्या सख्ख्या भावाला डाउन सिंड्रोम आहे. आमच्याच घरी असतात ते.”

डॉक्टरांनी चष्म्यावरून विजयेंद्रकडे पाहिलं. “बहुतेक वेळा हे घराण्यातून येत नाही. क्वचित येतं. तुमचंही रक्त तपासू या.”

“माझं? मला काय झालंय?”

“काहीच झालेलं नसतं, तरी बापाकडून मुलात जाऊ शकतं.”

सुई दिसताच विजयेंद्रनं डोळे गच्च मिटले आणि हात पुढे करून कौमुदीचं मनगट धरलं. तिनं ते सोडवून घेतलं आणि पर्स मांडीवर ओढली. पुढं तिच्या पोटात लांब सुई गेली, तेव्हा तो बाहेर फोनवर कुणाला तरी झापत होता.

दोन्ही रिपोर्ट चांगले आले. त्याच्या रक्तात काही नव्हतं, बाळही ठीक होतं. त्या संध्याकाळी तो मैसूरपाकाचा डबा घेऊन धापा टाकत घरात शिरला.

“अम्मा, सुटलों आपण!”

त्याची आई सरोजिनीबाई वेंकोबाची दाढी करायला बसल्या होत्या. वस्तरा तसाच धरून त्यांनी वर पाहिलं.

“कशांतून रे?”

 विजयेंद्रनं डब्याचं झाकण उघडलं, पुन्हा लावलं.

“तसं नव्हे अम्मा...”

“उजेड अडतोय. बाजूस हो.”

तो बाजूला झाला. मुलाच्या गालाची कातडी दोन बोटांनी ताणून म्हातारी पुन्हा वस्तरा फिरवू लागली. वेंकोबा गाल फुगवून, डोळे मिटून, अगदी न हलता बसला होता. पाण्याचं भांडं सासूबाईंच्या हातापासून लांब राहिलं होतं. कौमुदी आपलं पोट सांभाळत खाली बसली आणि ते भांडं तिनं त्यांच्यापुढं धरून ठेवलं.