कळंबचा गाडा आणि हर्षालीची बारी

मित्रांनो, मी एक जुना गो-कार्ट आहे. जुना म्हणालो, निकामी म्हणालो नाही. हा फरक ज्याला कळत नसेल त्याने मी चालू असताना माझ्या मागच्या चाकाजवळ उभं राहून बघावं. गुडघ्याएवढी उंची, चार बुटकी चाकं, पाठीशी इंजिन आणि मध्ये एका माणसापुरती बैठक, एवढाच माझा संसार. छप्पर नाही, दारं नाहीत, हॉर्न नाही. हॉर्न लागतो तो वाट मागणाऱ्यांना. मी वाट मागत नाही.

माझा मुक्काम सध्या कळंबला, रखमाजींच्या गोठ्यात आहे. माझ्या डावीकडे सोन्या नावाचा बैल आणि उजवीकडे बटाट्याची आरण, म्हणजे पाल्याखाली झाकलेला बटाट्याचा ढीग. सोन्या रोज संध्याकाळी माझ्या अंगावर शेपूट झाडतो. त्याला वाटतं, मी बिनशिंगाचं वासरू आहे. वासराला कोणी भंगारात देत नाही, म्हणून मीही त्याचा गैरसमज दूर करत नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. वेल्डिंगच्या ठिणग्या, लाल रंगाचा हात आणि लगेच ट्रकमध्ये रवानगी, असं ते बालपण. तिथून मी पुणे-नाशिक रस्त्यावरच्या एका हॉटेलात आलो. हॉटेलमागे गाड्या फिरवायचा छोटा ट्रॅक होता. शनिवार-रविवारी पाहुणे यायचे, वडापाव खायचे, तेलकट हात माझ्या स्टिअरिंगला पुसायचे आणि मला पळवायचे. कोणी मला टायरांच्या भिंतीवर घातलं, कोणी गवतात. एका जाड्या गृहस्थाने तर मला थेट हॉटेलच्या भटारखान्यात नेऊन उभं केलं आणि उतरता उतरता कांदाभजी मागवली. खोटं वाटतं? माझ्या चेनला बेसनाचा वास अजून येतो.

पुढे रस्ता बाजूने वळवला, गिऱ्हाईक आटलं, हॉटेलला कुलूप लागलं. मला एका ताडपत्रीखाली ढकललं. माझ्या बैठकीत कुत्रीने पिल्लं घातली. ज्या बैठकीत वारा बसायचा तिथे पिल्लं बसली. पण मी गंजलो नाही. म्हणजे वरवर गंजलो, आतून नाही.

एके दिवशी रखमाजींचा मुलगा दादाभाऊ तिथे आला. त्याचं मंचरला ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज आहे. हॉटेलवाल्याचा बंद ट्रॅक्टर त्याने चालू करून दिला आणि मजुरी म्हणून मला मागितलं. त्याच्याबरोबर त्याची मुलगी हर्षाली होती, शाळेच्या गणवेशात, एक वेणी सुटलेली. तिने एकेक पिल्लू उचलून सावलीत ठेवलं आणि त्यांच्या जागी स्वतः बसली.

“पप्पा, ह्यो चालू व्हईल?”

“न व्हायला काय झालं? मेलेले ट्रॅक्टर उठून उभे राहत्यात, ह्यो कोण लागून गेला!”

घरी मला पाहताच आजी, म्हणजे सरूबाई, कमरेवर हात ठेवून म्हणाली, “आणखी एक कार्टं आणलंत का घरात? खायला काय घालायचं ह्याला?”

“पेट्रोल, आजी.”

“मग तुझा बाप घालंल. मी फक्त भाकरी करते.”

मित्रांनो, हर्षालीला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. टीव्हीवर तिने एकआसनी शर्यतीच्या गाड्या पाहिल्या होत्या. चारी चाकं उघडी, नाक टोकदार, आत एकच माणूस. तसल्या गाडीत बसून तिला शर्यत पळायची होती. हे तिने ओट्यावर सगळ्यांदेखत सांगितलं, तेव्हा शेजारचा हौशीराम पोट धरून हसला. “पोरगी अन् रेस! आधी स्कुटी तर शिकू द्या तिला, राव.”

रखमाजी आबांनी पानाला चुना लावता लावता उत्तर दिलं, “ती स्कुटी शिकंल तवा शिकंल. तू आधी तुझ्या बैलाला सरळ पळायला शिकव. मागल्या जत्रंत तुझा गाडा घाट सोडून भेळेच्या दुकानात शिरला व्हता.”

आबा म्हणजे जुने बैलगाडा शौकीन. बाहेरच्या मुलांसाठी सांगतो. आमच्याकडे जत्रेत बैलगाड्यांच्या शर्यती होतात, त्या चढाच्या रस्त्यावर. त्या रस्त्याला घाट म्हणतात. घाटात एका वेळी एकच गाडा पळतो. त्या पाळीला बारी म्हणतात. एकाची बारी झाली, की दुसऱ्याची. कोण जिंकलं ते घड्याळ सांगतं. सगळ्यांत कमी वेळात जो वर पोचला, त्याने घाट मारला म्हणतात. क्रम चिठ्ठ्या टाकून ठरतो, आणि चिठ्ठी निघाली की तो मोठा शेतकरी असो वा रोजंदारीवाला, त्याची बारी कोणी हिसकावत नाही. हर्षाली हे बघतच वाढली होती.

बटाटे काढून मोकळ्या झालेल्या रानावर दादाभाऊने रोलर फिरवला, जुने टायर मांडून वळणं केली आणि आमचा सराव सुरू झाला. आबा हातात घड्याळ घेऊन बांधावर बसायचे. याच रानात एका संध्याकाळी शेजारच्या उसातून बिबट्या निघाला आणि आमच्या मागे लागला. पहिल्या वळणाला तो माझ्या शेपटीशी होता. दुसऱ्या वळणाला त्याचे पाय चारी दिशांना गेले. तिसऱ्या वळणाला तो टायरावर बसून धापा टाकत होता. आबा म्हणतात, ते हौशीरामाचं कुत्रं होतं. आबांना संध्याकाळचं कमी दिसतं.

मग पहिली खरी शर्यत आली, पुण्याजवळच्या ट्रॅकवर. सगळं घर टेम्पोतून गेलं, मीही. तिथे चकचकीत गाड्या, रंगीत कपडे, छत्र्या. आमच्याकडे आबांचा फेटा आणि आजीचं धपाट्यांचं फडकं. सुरुवातीच्या रेषेवर आम्ही सगळे ओळीने उभे राहिलो. निशाण हललं. भर्रकन सगळ्या गाड्या सुटल्या.

मी नाही सुटलो. हर्षालीने ब्रेक दाबून धरला होता.

“सोड की गं गाडा!” दादाभाऊ कुंपणावरून ओरडला.

“त्यांची बारी संपू द्या की, पप्पा!”

मित्रांनो, तो ट्रॅक हसला. छत्र्यासुद्धा हसल्या. समर्थ नावाच्या एका पोराचे वडील तर मुद्दाम आबांपाशी आले. “पाहुणे, पुढं पळायला घोडी आणायची विसरलात का?” आमच्या घाटात बैलांच्या पुढे घोडी पळते, हे त्यांना ठाऊक होतं. माहितीचा असा उपयोग करणारी माणसं मला आवडत नाहीत.

आबा मात्र वेगळ्याच गोष्टीने हादरले होते. “सगळे गाडे एकदमच सोडले? हे काय गाडे हायती का मेंढरं?”

एव्हाना हर्षालीला उमगलं होतं. तिने पाय काढला आणि मी जो सुटलो! शर्यत संपली तेव्हा आम्ही शेवटून दुसरे होतो. समर्थच्या गाडीची चेन शेवटच्या फेरीत उतरली, म्हणून तो आमच्या मागे. पण घड्याळाच्या माणसाने कागद बाहेर आणला, तर त्या दिवसाची सगळ्यात वेगवान फेरी हर्षालीची. मोकळा रस्ता दिला तर तिला कोणी धरू शकत नव्हतं. अडचण होती ती गर्दीची. बैलगाड्याच्या घरात गर्दीतून वाट काढायला कोण शिकवणार?

परतताना टेम्पोत हर्षाली खिडकीकडे तोंड करून बसली होती. आजीने तिच्या हातात धपाटं दिलं आणि म्हणाली, “रडायचं असंल तर खाऊन रड. उद्या सकाळी मी बघते.”

दुसऱ्या दिवशी आजीने गाव गोळा केलं. भिका ट्रॅक्टर घेऊन आला, सूरज मोटरसायकल, दोन पोरं सायकली, हौशीराम बैलगाडी. आजी बांधावरून ओरडली, “सगळ्यांनी हिच्या आडवं यायचं. जो वाट देईल त्याला दुपारचं जेवण न्हाई!” महिनोन्‌महिने आम्ही त्या गोंधळातून वाट काढली. ट्रॅक्टरच्या चाकाखालूनसुद्धा गेलो. चाक जॅकवर उचलून ठेवलेलं होतं, एवढंच.

त्यानंतर आम्ही जिंकू लागलो. पहिला कप घरात आला तेव्हा आजीने त्यात जिरं भरून ठेवलं. पुढचा आला, त्यात मोहरी. हर्षाली मोठी झाली, तिच्या गुडघ्यांना माझं स्टिअरिंग लागू लागलं. राष्ट्रीय शर्यतींसाठी तिला एका टीमने परदेशी बनावटीचा नवा कार्ट दिला. निळा, हलका, गर्विष्ठ. मला गोठ्यात ठेवलं. माझ्यावर कांद्याच्या रिकाम्या गोण्या आल्या. मला वाईट वाटलं का? वाटलं. पण वळण कसं घ्यायचं हे तिला कोणी शिकवलं, ते त्या निळ्याला जाऊन विचारा.

मग तो दिवस आला. दूर दक्षिणेत, कोइंबतूरच्या बाजूला, एक टीम आपल्या एकआसनी गाडीसाठी ज्युनिअर शर्यतमालिकेला एकच ड्रायव्हर निवडणार होती. तीच ती गाडी, उघड्या चाकांची, टोकदार नाकाची. क्रम चिठ्ठ्या टाकून, प्रत्येकाने एकट्याने घड्याळावर पळायचं. हे ऐकून आबा मांडी ठोकून म्हणाले, “म्हणजे घाटच की हा!”

हर्षालीची चिठ्ठी शेवटची निघाली. दादाभाऊ तिच्याबरोबर होता. त्याने तिथून व्हिडिओ कॉल लावला आणि इकडे आजीने मोबाईल माझ्या स्टिअरिंगवर टेकवला, कारण गोठ्यातच रेंज चांगली येते. गोण्या बाजूला झाल्या. सगळं घर माझ्याभोवती बसलं. सोन्याही मान लांबवून बघू लागला.

एक पोरगा गाडी घेऊन खडीत घुसला. गाडी ओढून काढण्यात, धुण्यात वेळ गेला. ऊन कलंडलं. हर्षाली हेल्मेट घालून गाडीत बसली होती, तेवढ्यात टीमचे साहेब आले आणि म्हणाले, उजेड कमी होतोय, आता पुरे. झाल्या त्यांतूनच एक निवडतो. तू उतर.

“काय म्हणतोय त्यो?” आबांनी विचारलं.

“तिची बारी घेणार न्हाई म्हणतोय,” आजी म्हणाली.

आबा ताडकन उठले. “चिठ्ठी निघालीय न्हवं तिची? अरं ये, कोण हायेस तू? जत्रंत असतास तर...” ते मोबाईलवर इतके ओरडले की सोन्या बिचकला. पण दादाभाऊने तिकडचा आवाज बंद केला होता. तिथे कोणालाच काही ऐकू गेलं नाही.

हर्षालीने दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं. ती मोडक्या हिंदीत बोलली, मी तुम्हाला मराठीत सांगतो. “सर, लहान असताना मी दुसऱ्यांची बारी संपायची वाट बघत बसले होते आणि सगळे मला हसले होते. आजही सगळ्यांच्या बाऱ्या संपेपर्यंत थांबले. आता माझी आहे. ती झाल्याशिवाय मी उतरत नाही. उतरवायचंच असेल तर गाडीसकट उचला.”

मागे उभे असलेले मेकॅनिक खाली बघून हसले. साहेबांनी आकाशाकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. “टायर तापवायला एक फेरी आणि मोजायला एक. त्याहून जास्त नाही.”

गाडी निघाली. पहिली फेरी झाली. मोजायची फेरी सुरू झाली. आणि मित्रांनो, पहिल्या वळणाला माझं स्टिअरिंग आपोआप वळलं. शपथेवर सांगतो. तिकडे ती डावीकडे वळली, इकडे मी डावीकडे वळलो आणि मोबाईल घसरून सोन्याच्या गव्हाणीत पडला. पडद्यावर सोन्याची जीभ. आजी किंचाळली, “अगं बाई, पेंड म्हणून खाईल त्यो!” आबा बैलाच्या तोंडात हात घालू लागले. ओल्या वैरणीतून फक्त इंजिनाचा आवाज येत होता, जवळ येत, लांब जात. मग तोही थांबला.

गव्हाणीतून दादाभाऊचा आवाज आला. “आबा... पोरीनं घाट मारला.”

आबांनी डोक्यावरचा फेटा काढून सोन्याच्या शिंगांना बांधला. मला शिंगं नाहीत म्हणून. नाहीतर तो फेटा माझाच होता.

ती गाडी हर्षालीला मिळाली. पहिल्या शर्यतीत निशाण हललं तेव्हा इकडे आजीने डोळे मिटून घेतले होते. हर्षाली थांबली नाही. पहिल्या वळणाआधी तिने तिघांना मागे टाकलं. “त्यो भिकाचा ट्रॅक्टर कामाला आला बघा,” आबा म्हणाले. आज ती त्याहून वेगवान मालिकेत पळते. कधी जिंकते, कधी भिंतीला घासून येते, पण बारी सोडत नाही.

आणि मी? गेल्या दिवाळीत हौशीरामाने, त्याच हसणाऱ्या हौशीरामाने, ठराव मांडला की मला सोनेरी रंग द्यावा आणि गावच्या कमानीपाशी काचेच्या पेटीत ठेवावं. रंगाचा डबा आला. माझ्या गळ्यात झेंडूचा हार आला. माझं इंजिन काढून पेटी हलकी करायची, असंही ठरलं. मी चाकांत हवा धरून बसलो होतो, आत कितीही राग असला तरी.

सुट्टीला आलेल्या हर्षालीने ते पाहिलं. तिने हार काढून सोन्याला खाऊ घातला आणि हौशीरामाकडे वळली. “काका, गाडा उभा करून ठेवत्यात का कधी?”

“अगं, तुझाच मान हाय ह्यात!”

“माझा मान पळवा मग.”

तिने माझी दोरी ओढली. पहिल्याच ओढीत मी सुरू झालो. सोन्या म्हणेल, सातव्या ओढीत. बैलाला मोजता येत नाही. काळा धूर निघाला, आजी खोकली, आरणीवरची कबुतरं उडाली. हौशीरामाची नात श्रेया दारात उभी होती. हर्षालीने हेल्मेट तिच्या डोक्यावर ठेवलं. ते तिच्या नाकापर्यंत आलं.

“ताई, दुसरे जाईपर्यंत थांबायचं?” आतून आवाज आला.

“अजिबात नाय.”

म्हणून मित्रांनो, तुमच्या घरात जुनी सायकल असेल, शिलाई मशीन असेल, आजोबांचं घड्याळ असेल, तर त्याला हार घालू नका. तेल घाला. काचेत ठेवू नका, हातात घ्या. वस्तू झिजून जुनी होते हे खरं आहे, पण उभी राहून ती लाजते, आणि लाज झिजेपेक्षा लवकर खाते.

आता निघतो. श्रेयाचा पाय पेडलवर पोचतोय, फक्त पाठीशी उशी ठेवावी लागते. आणि आमच्या कळंबच्या बाजूला कुठे उसात तो बिबट्या भेटला, तर त्याला माझा निरोप द्या. म्हणावं, तिसरं वळण अजून तिथेच आहे.