शुक्रवारचं रडू

बिभीषणची बायको ज्योती दर शुक्रवारी घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात जाऊन रडायची आणि त्याचे पैसे घ्यायची. हसू नका. बिभीषण साखर कारखान्यात हंगामी कामगार. हंगाम सरला की पगारही सरायचा. बायकोच्या ब्लाउज शिवण्यावर घर किती दिवस रेटायचं?

सुरुवात दाढेपासून झाली. शेजारचे आसाराम तात्या म्हैस विकायला निघाले, तेव्हा ज्योती त्यांच्याच टेम्पोतून दाढ दाखवायला गेली. दवाखाना बंद. ती परत येऊन म्हशीपाशी बसली आणि ठणक सोसेना म्हणून घळाघळा रडू लागली. घेणाऱ्याला वाटलं, म्हैस चालली म्हणून घरची बाई रडतेय. म्हणजे दुधाला कमी नसणार! या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत, रुमालाखाली बोटं दाबून सांगतात. त्या गड्यानं दलालाची आणखी पाच बोटं दाबली, म्हणजे पाच हजार जास्त. तात्यांनी खूश होऊन दाढेचा खर्च दिला आणि गावभर सांगत सुटले.

पुढच्या शुक्रवारी दारात तिघं उभे. मग नवरा-बायकोनं काम वाटून घेतलं. ज्योतीनं जनावराच्या गळ्यात पडायचं आणि बिभीषणनं मालक होऊन खेकसायचं, ‘आगं चल आता, लोकं बघत्यात!’ त्याला एवढंच वाक्य, तेही तो चुकवायचा. ती मात्र गाईला वेगळं रडायची, म्हशीला वेगळं. म्हशीसाठी सूर जरा खालचा. हिला एखाद्या नाटक कंपनीनं कधीच पळवून न्यायला हवं होतं, असं बिभीषणला वाटायचं. कुणाचं लक्ष गेलं नाही हे त्याचं नशीब.

पण रडण्याआधी ती स्वतः धार काढून बघायची, जनावर चालवून बघायची. एकदा एक सड निकामी असलेल्या गाईसाठी मालक दुप्पट पैसे देत होता. ज्योतीनं दावं त्याच्या हातात परत दिलं.

“मी खोटं रडते, पन खोट्या जनावराला न्हाई रडत.”

त्या दिवशी बिभीषणनं घरी स्वतः चहा केला आणि तिला नेऊन दिला. असं त्यानं लग्नानंतर पहिल्यांदाच केलं.

यंदा त्यांच्या मुलीला, आरतीला, नगरच्या नर्सिंग कॉलेजात प्रवेश मिळाला. फी सोमवारपर्यंत भरायची होती, सत्तर हजार. घरात विकण्याजोगं एकच होतं, ज्योतीनं वासरापासून वाढवलेली चिंगी गाय. शुक्रवारी ते चिंगीला घेऊन बाजारात उभे राहिले.

आणि तिथंच घोटाळा झाला. ज्योतीला सगळा बाजार ओळखत होता. लांबूनच लोक म्हणायचे, “आली, भाड्यानं रडनारी आली!” कुणी गाईकडं बघेना, सगळे ज्योतीकडं बघून हसायचे. दुपारपर्यंत एकानं चाळीस हजार सांगितले, तेही टिंगल म्हणून. बिभीषणला वाटलं, आज ही कितीही रडली तरी कोण खरं मानणार?

मग बेलापूरचे कल्याणराव आले. गोठ्यात बारा जनावरं बाळगणारा जुना माणूस.

“ताई, मागल्या साली तुमच्या रडन्यावर मी जर्सी घेतली. घंट्याभरात पलीकडच्या रांगंत तुमीच दुसऱ्याच्या म्हशीपाशी रडत हुत्या.”

“व्हय,” ज्योती म्हणाली.

“गाय चांगली निघाली, ते खोटं न्हाई. आता हिचं काय?”

बिभीषण खेकसायला तयार झाला. पण ज्योती रडलीच नाही. चिंगीच्या पाठीवर हात ठेवून ती सांगत सुटली.

“उजव्या अंगानं धारंला बसा, डाव्या अंगाला बसलं तर लाथ मारती. जवळ मोबाईल वाजला की पान्हा चोरती. कडबा बारीक करून टाका, न्हाईतर नुसती तुडवती. सकाळी नऊ लिटर, सांच्याला सात. आठ मी सांगनार न्हाई. पावसाळ्यात मागचा खूर दुखतो, तवा कोरड्यात बांधा. आन् वरडू नका तिच्यावर. आमच्या घरी तिच्यावर कुनी वरडलं न्हाई.”

बिभीषण कपाळाला हात लावून ऐकत होता. एकेका खोडीला त्याला हजार हजार रुपये निघून जाताना दिसत होते. पण तिच्या आवाजाला कंपसुद्धा नव्हता, आणि या बाईशी आपण वीस वर्षं संसार केला याचा त्याला एकदम फार अभिमान वाटला.

दलालानं रुमाल पुढं केला. कल्याणरावांनी तो बाजूला सारला.

“एवढ्या खोड्या सांगनारी बाई दूध वाढवून सांगनार न्हाई,” ते म्हणाले आणि भर बाजारात तोंडानं भाव बोलले. “सत्तर.”

चिंगी टेम्पोत चढेना. ज्योतीनं कानाशी वाकून काहीतरी सांगितलं, तेव्हा चढली. टेम्पो नगर रस्त्याला लागून दिसेनासा झाला, आणि ज्योती पदर तोंडात कोंबून मोकळ्या खुंट्यापाशी मटकन बसली. आवाज नाही, गळ्यात पडणं नाही. नुसते खांदे हलत होते. बिभीषणला तिच्याजवळ जावं की नाही ते कळेना.

तेवढ्यात पलीकडच्या रांगेतला एक जण लगबगीनं आला. “ताई, रडतच हाय तर आमच्या म्हशीपाशी येऊन रडा की. पैसे देतो.”

ज्योतीनं डोळे पुसले नाहीत.

“आज न्हाई, भाऊ,” ती म्हणाली. “ह्ये घरचं हाय.”