न सोडलेली गाठ

मित्रांनो, मी स्पीकरखालचा एक जुना रबरी पाय आहे. काळं रबर साच्यात दाबून मला घडवलं. वरचा हादरा पोटात घ्यायचा आणि जमिनीला कळू द्यायचा नाही, एवढंच माझं काम.

आमच्या मालकांना मोठ्याने गाणी ऐकायची हौस. "तुमचे ढोल खालच्यांच्या डोक्यावर कशाला बडवता?" असं म्हणून मालकीणबाईंनीच आम्हाला विकत आणलं. चौघांना स्पीकरखाली बसवलं. आणखी चार पिशवीत घालून खालच्या मजल्यावरच्या बटणवाल्याला देऊन आल्या. तो घरात कपड्यांना बटणं ठोकायचं यंत्र चालवायचा. त्याचे दणके भिंतीतून वर यायचे.

"लावतो की काकू, आजच लावतो," तो म्हणाला होता.

लावले नाहीत. पुढे बाई आजारी पडल्या. औषधाने जरा डोळा लागला की खालून धाड! त्या उशीत डोकं खुपसायच्या. मालक खाली जाऊन हात जोडून आले.

"पोटाचा धंदा आहे काका, बंद कसा ठेवू?"

बंद ठेव असं कुणीच म्हणत नव्हतं. माझे भाऊ तिथेच कुठेतरी पडून होते. मला दात असते तर मी त्याला चावलो असतो.

बाई गेल्या. पाहुणे परतले त्या दिवशी मालकांनी स्पीकर तिरका केला, आम्हाला एकेक करून उपटलं, खिशात टाकलं आणि आवाज पूर्ण वाढवला. फरशी थरथरली. खरं सांगतो, मला फार बरं वाटलं. इतकी वर्षं मी जे गिळलं, ते आता त्याच्या डोक्यात जात होतं. मालक रोज तसाच आवाज वाढवू लागले; आम्ही त्यांच्या खिशातच राहिलो.

शेवटी बटणवाला दारात आला. डोळे लाल.

"काका, लेक बाळंतपणाला आलीय. पोर झोपत नाही हो."

"माझी बायकोही झोपत नव्हती. पिशवी कुठंय?"

मालक त्याच्यामागून खाली गेले. पिशवी त्याच्या माळ्यावर सापडली. तिची गाठसुद्धा सोडलेली नव्हती. मालकांनी समोर उभं राहून त्याला यंत्राखाली पाय लावायला लावले. "आता चालव."

त्याने बटण ठोकलं. नुसता टक् आवाज झाला.

मला वाटलं, मालक निवळतील. पण खिशात त्यांची मूठ आमच्यावर आवळली.

"एवढंच काम होतं," ते म्हणाले. "एवढंच होतं रे!"

"चुकलं काका. आता तुमचे पण लावा ना."

"पोरासाठी लावीन. तुझ्यासाठी नाही. माझ्या दारात पुन्हा येऊ नकोस."

आम्ही परत स्पीकरखाली आहोत. पोर झोपतं. बटणवाला जिन्यात दिसला की मालक तोंड फिरवतात, आणि मला ते बरोबरच वाटतं.

मित्रांनो, तुमच्या घरातलं एखादं यंत्र शेजाऱ्याची भिंत हादरवत असेल, तर त्याच्याखाली रबर लावा. उद्यावर टाकू नका. माझ्या भावांनी आता खालचं यंत्र गप्प केलंय. बाईंना त्याचा काही उपयोग झाला नाही.