चटईखालून आलेला आवाज

माझी बायको मेरिपा गेल्या वर्षी पोटाच्या आजारानं गेली. तिला आम्ही घरासमोरच पुरलं. आता घरात मी, आमची मुलगी लोसा आणि मेरिपाची धाकटी बहीण वाओसा. लोसाचं सगळं वाओसाच बघते. माझंही.

जन्माच्या वेळी लोसाच्या मेंदूला प्राणवायू कमी पडला. तिला चालता येत नाही, बोलता येत नाही, प्रत्येक घास सावकाश भरवावा लागतो, नाहीतर ठसका लागतो. हसता मात्र येतं, आणि त्यात ती कंजुषी करत नाही.

मेरिपानं लोसाच्या वतीनं राजधानीत, आपियाच्या कोर्टात इस्पितळावर दावा लावला होता. भरपाई मिळाली तर लोसाची देखभाल जन्मभर नीट होईल, एवढंच तिला हवं होतं. इस्पितळानं उत्तर दिलं, की आई उशिरा आली आणि बाळाचे ठोके शेवटपर्यंत ठीक होते. मेरिपा उशिरा गेली नव्हती. मीच तिला पहाटे पिकअपमध्ये बसवून नेलं होतं. पण छापील कागदावर दुसरंच असलं की माणूस स्वतःवरच संशय घ्यायला लागतो. शेवटच्या आजारातही ती मला विचारायची, "आपण वेळेवर पोचलो होतो ना?" मी हो म्हणायचो. माझ्या हो म्हणण्यानं तिचं समाधान होत नसे.

ती गेल्यावर दाव्यात लोसाच्या बाजूनं माझं नाव लागलं. वकीलबाईंनी स्पष्ट सांगितलं, की बाळंतपणाच्या खोलीत जे होते त्यांच्यापैकी कोणी बोललं नाही तर दावा टिकणं अवघड आहे. खोलीत ओफिरा नावाची नर्स होती, टेकडीपलीकडच्या गावची. तोंड उघडायचं नाही, अशी तिला वरून ताकीद होती.

तारीख जवळ आली होती. एके दिवशी उजाडताना वाओसानं मला हलवून उठवलं. अंगणात माणसं येऊन बसली होती.

ओफिराच्या घरचे इफोगाला, म्हणजे आमच्या रीतीनं क्षमा मागायला, आले होते. सगळे माना खाली घालून जमिनीवर. पुढे ओफिरा आणि त्यांच्या घराण्याचा मुख्य, तिचा म्हातारा काका तुइलोमा. दोघांच्या डोक्यावरून एकच बारीक विणीची जुनी चटई पांघरलेली. घरातली सगळ्यांत मोलाची चटई असणार ती. असं कोणी क्षमा मागायला दारात बसलं की चटई उचलायची, त्यांना घरात घ्यायचं, आणि भांडण तिथं संपतं. नाहीतर बसू द्यायचं.

माझा थोरला भाऊ शेजारच्या घरातून आला. तो आमच्या घराण्याचा मुख्य. म्हणाला, उचल, माणसं ताटकळली आहेत, गाव काय म्हणेल.

वाओसा मला म्हणाली, "भावोजी, चटई उचललीत की दावा मिटला. मग लोसाला काय, चटई भरवायची?"

भावानं तिला गप्प राहायला सांगितलं. ती म्हणाली, "मोठे दादा, तुम्ही एक दिवस हिला भरवा. मग क्षमेचं बघू."

मी बसून राहिलो. चटई उचलली तर मेरिपाची सगळी धडपड वाया जाणार, नाही उचलली तर एका म्हाताऱ्याला मी उन्हात बसवून ठेवणार. ऊन वर चढलं. चटईच्या कडेला म्हाताऱ्याची बोटं दिसत होती.

चटईखालच्या माणसानं बोलायचं नसतं आणि त्याला कोणी काही विचारायचंही नसतं. मी विचारलं. समोर जाऊन जमिनीवर बसलो आणि म्हणालो, "तुइलोमाकाका, चटई मी उचलतो. पण माझ्या मुलीचं पुढचं आयुष्य त्या दाव्यावर आहे. तो सोडावा म्हणून आलात का?"

मागून भाऊ खाकरला. मग चटईखालून ओफिराचा आवाज आला.

"नाही दादा. दावा सोडू नका. ठोके मंदावलेले मी पाहिले होते. रविवार होता, डॉक्टर चर्चनंतरच्या जेवणाला बसले होते. एवढा मानाचा माणूस, त्यांना पानावरून मी कशी उठवू? त्यांचं जेवण होईपर्यंत थांबले. वहिनी वेळेवर आल्या होत्या. हे मी कोर्टात सांगणार आहे."

म्हातारा म्हणाला, "नोकरी जाईल म्हणते. जाऊ दे. आमच्या शेतात तारोचे कंद आहेत. पण आधी तुझ्या दारात बसल्याशिवाय तिला कोर्टात उभं राहवेना."

आमच्यातल्या कोणालाही तिची चूक सांगितली तर ती लगेच कळेल. जेवणाऱ्या वडीलधाऱ्याला मीही उठवलं नसतं. म्हणून राग गेला असं नाही. पण मी चटई उचलली. ओफिराचा चेहरा घामानं आणि रडून ओला झाला होता. वाओसा आत गेली आणि सगळ्यांसाठी कोको उकळायला ठेवला. कप देताना तुइलोमाला म्हणाली, "एवढंच सांगायचं होतं तर सावलीत बसायचं होतं, आजोबा." तो हसला. इतकी माणसं बघून लोसाही हसत होती.

कोर्टात ओफिरानं सगळं सांगितलं, एकदाही न अडखळता. इस्पितळाच्या वकिलानं विचारलं, इफोगा झाला, स्वीकारला गेला, म्हणजे भांडण मिटलंच ना?

ओफिरा म्हणाली, "भांडण मिटलं. मुलीला भरवणं मिटलेलं नाही."

त्यानंतर इस्पितळ तडजोडीला तयार झालं. न्यायाधीशबाईंनी तडजोड तशीच मान्य केली नाही. लोसा कशी बसते, काय खाते, मी गेल्यावर तिचं कोण, सगळं विचारलं, मुलीसाठी पुरेल अशी खात्री केली आणि मगच सही केली. त्यांचे मी फार आभार मानतो. आता लोसाला मान धरून ठेवणारी खुर्ची आहे. एक शिकलेली बाई रोज येते. तिनं दाखवल्यापासून ठसका कमी लागतो. वाओसाला दुपारी आडवं होता येतं.

ओफिराला बाळंतपणाच्या विभागातून काढलं. ती लांबच्या एका लहान दवाखान्यात असते.

संध्याकाळच्या प्रार्थनेत मी मेरिपासाठी आभार मानतो, लोसासाठी, वाओसासाठी. मग ओफिराचं नाव घेतो. पहिले काही दिवस त्या नावाला वाओसा आमेन म्हणत नसे. आता म्हणते, हळू आवाजात.