पाळणाघरातली उसनी हंडी

मित्रांनो, माझ्या पोटात डोकावलंत तर काळंभोर दिसेल. तो मळ नाही, चाळीस वर्षांच्या काढ्यांचा रंग आहे. मी काढा उकळण्याची मातीची हंडी. कोरियातल्या जेचन गावाजवळ, डोंगरउतारावरच्या भट्टीत मी भाजले गेले. कुंभाराने मला एका बाजूला आखूड मूठ लावली आणि "तोंड बरं जमलंय," एवढंच म्हणाला. बोलका माणूस नव्हता तो.

वैद्यीण ओक-बुनने मला घरी आणलं. तेव्हा ती तरुण होती. पुढे सगळं गाव तिला आजी म्हणू लागलं. तिच्या अंगणात मी मंद निखाऱ्यांवर बसायचे. झाकण म्हणून ती माझ्या तोंडावर जाड हातकागद बांधायची. वाफेने तो ओला होऊन फुगायचा आणि त्याच्याकडे पाहून तिला आतलं सगळं कळायचं. आच वाढवून तिने कधी घाई केली नाही.

उतारवयात तिने दवाखाना बंद केला आणि मला गावातल्या पाळणाघराला उसनी दिली. शरद लागला की तिथल्या मुलांची नाकं वाहू लागायची. आजी आठवड्यातून दोनदा यायची. कुणाला काय चालत नाही ते आईबापांना विचारून घ्यायची. मग माझ्यात डोराजी नावाच्या रानफुलाची मुळं, नाशपाती, सुकी बोरं, आलं आणि जरासं ज्येष्ठमध पडायचं. उकळून झालं की चोथा फडक्यात बांधून ती दोन काठ्यांनी पिळायची. मुलांना औषधापेक्षा ते पिळणंच आवडायचं.

"नाक दाबून पितेस होय गं?" ती चार वर्षांच्या उन-सोलला म्हणायची. "नाक रुसेल बघ."

"रुसू दे. मग वाहणार नाही!"

आजी हसायची, पण हात धुतल्याशिवाय कुणाला वाटी द्यायची नाही. ताप असलेल्या मुलाला तर दारातूनच परत पाठवायची. एकदा एक बाप चिडला. "काढा पितोय ना तो? मग कसली भीती?"

"काढा म्हणजे काय कुलूप आहे, बाबा? घशाला जरा बरं वाटतं, एवढंच. ताप उतरेपर्यंत पोराला घरी ठेव, डॉक्टरला दाखव. आणि लस टोचलीस का?"

मला ते लागलं. माझी एवढीच मातब्बरी? पण ती खोटं बोलत नव्हती.

मागच्या वसंतात ती यायची थांबली. मला कुणी काही सांगितलं नाही. मी फळीवर बसून राहिले. माझ्यात रंगीत खडू ठेवले गेले. मग सोल शहरातून नव्या बाई आल्या, हे-रिन. आजीची वस्तू तिच्या घरी पोचावी म्हणून त्यांनी मला साबणाने घासून लख्ख केलं, कापडात बांधलं आणि आजीच्या दारात नेलं.

आजीची मुलगी यॉन-जू आईचे कपडे खोक्यांत भरत होती. तिच्या आधी शेजारीणच ओरडली. "अगं बाई! काढ्याची हंडी कुणी परत आणून देतं का? आजार आणून सोडलास दारात! फोड ती, यॉन-जू, आत्ताच फोड!"

हे-रिनबाईंचा चेहरा पडला. "मला ठाऊक नव्हतं हो. उसनी वस्तू परत करावी, म्हणून..."

मित्रांनो, आमच्याकडे उसनी नेलेली हीच एक वस्तू परत करत नाहीत. ज्याची हंडी, त्याने आपण होऊन न्यायला यायचं असतं. माझी धनीण आता येणार नव्हती. ते मला तिथे, त्या खोक्यांकडे पाहून कळलं.

यॉन-जूने मला उचललं आणि माझ्या तोंडाशी नाक नेलं.

"साबणाचा वास येतोय," ती म्हणाली.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. भाजलेली माती साबण पिऊन टाकते.

"पाळणाघरात आता काढा कोण करतं?" तिने विचारलं.

"कुणीच नाही. हात धुवा म्हटलं तर मुलं म्हणतात, आजी आली की धुऊ."

यॉन-जूने तोंड फिरवलं. मग मला पुन्हा त्याच कापडात बांधून बाईंच्या हातात दिलं. "मी ही घेतलेली नाही. न्यायला मी यायचं असतं."

"आणि कधी जाणार तू?" शेजारणीने विचारलं.

"सवड झाली की."

"म्हणजे कधीच नाही! अगदी आईवर गेलीस."

सोमवारी यॉन-जू पाळणाघरात आली. तांदळाचं धुवण घालून तिने मला तीनदा उकळलं, तेव्हा कुठे साबणाचा वास गेला. ती वैद्य नाही. औषधी मुळांना तिने हात लावला नाही. नाशपाती, आलं आणि बोरं घातली, बस. तिचा कागद फाटला. पिळताना काठी निसटून तिच्या बाहीवर सगळं उडालं.

उन-सोलने एक घोट घेतला. "आजीचा असा नव्हता."

"मला तिच्यासारखा येत नाही गं."

उन-सोलने वाटी खाली ठेवून विचार केला. "मग उद्या पुन्हा कर," ती म्हणाली.

मित्रांनो, माझ्यासारखी एखादी म्हातारी तुमच्याही घरात असेल. तिला साबण लावू नका, तापलेली असताना गार पाण्यात बुडवू नका. आणि आठवण म्हणून फळीवर तर मुळीच ठेवू नका. आम्हाला विस्तव हवा असतो. हात नवा असला तरी चालतो.