भट्टीपाशी उभा केलेला माणूस

मी एक व्हिडिओ गेम बोलतोय. हातात बंदूक शोधू नका, मी ती दिलेलीच नाही. माझ्यात शिरलात की तुम्ही राजा नसता, योद्धाही नसता. तटबंदीच्या आतल्या एका गावातले किल्लीवाले असता. कुणाचं गंजलेलं कुलूप सोडवायचं, कुणाला हरवलेली किल्ली नवी करून द्यायची, एवढाच तुमचा धंदा. माझ्या जातीला रोल-प्लेइंग गेम म्हणतात, लाडात आरपीजी. म्हणजे दुसऱ्याची भूमिका जगायचा खेळ. नाव फार मोठं आहे. ते मला शोभतं की नाही, यावरून माझ्या जिवावर बेतलं होतं. अजूनही मी पुरता सुटलेलो नाही.

माझा जन्म चिडचिडीतून झाला. मला लिहिणारी ताई तेव्हा कॉलेजात होती आणि कुठलातरी गेम खेळत बसली होती. पडद्यावरचा म्हातारा तिला म्हणाला, "माझ्या मुलाला शोधून आणशील का?" खाली चार उत्तरं होती. तिने 'नाही' निवडलं. म्हातारा म्हणाला, "छान! मग लगेच नीघ." तिने मागे जाऊन उरलेली उत्तरंही देऊन पाहिली. प्रत्येक वेळी तेच. छान, मग लगेच नीघ.

"अरे मेल्या, मग विचारलंस तरी कशाला?" ती पडद्यावर खेकसली.

"कोणाशी भांडतेयस गं?" खालून आईचा आवाज आला.

त्या भांडणातून मी आलो.

आईचं खाली शिवणकामाचं दुकान आहे आणि त्याच्या डोक्यावर पत्र्याची एक खोली. तिथे दोन टेबलं, एक पंखा आणि वायरींचं जाळं. एका टेबलावर ताई मला लिहिते, दुसऱ्यावर तिचा धाकटा भाऊ मला चालवतो. ती शब्द देते, तो हातपाय देतो. खालचं मशीन सुरू झालं की माझा पडदा बारीक थरथरतो. मला त्याची सवय झाली आहे. नाळेसारखंच काहीतरी असावं ते.

दोघांचं पहिल्या दिवसापासून वाजतं.

"ताई, आरपीजी म्हटलं की लोकांना काय हवं असतं? तलवार, सामानाची पिशवी, वाढत जाणारे आकडे. राक्षस मारला, गुण मिळाले, पातळी वाढली. विषय संपला."

"आकडे वाढले की आरपीजी? मग वजनकाट्यावर उभं राहणं हाही आरपीजीच."

"त्या हिशोबाने तुझी पातळी गेल्या वर्षात बरीच वाढलीये."

"कीबोर्ड फेकून मारीन हं!"

माझं स्वतःचं आकड्यांशी वैर नाही. माझ्यातही ते आहेत. किल्लीवाल्याचा हात जसा बसत जातो, तशी अवघड कुलपं उघडायला लागतात. पण हात कुणाचा आणि दार कुणाचं, हे ज्याला विचारावंसं वाटत नाही, त्याने भूमिका केली असं कसं म्हणायचं? तो नुसता मोठा झाला. ताईचं म्हणणं साधं होतं. खेळणारा जे करील ते गावाने लक्षात ठेवलं पाहिजे. त्याला कुणी शिक्षा करायला नको की शाबासकी द्यायला नको. गाव विसरलं नाही म्हणजे झालं.

म्हणायला सोपं आहे. ताई एका ओळीत लिहून मोकळी व्हायची, 'पाववाला पकडला गेला तर…' आणि त्या 'तर'च्या मागे धाकट्याचा आठवडा जायचा. प्रत्येक निवडीला दोन फाटे, फाट्याला पुन्हा फाटे. त्याचे डोळे लाल व्हायचे. "ताई, तू 'तर' लिहितेस ना, तेव्हा मला दातदुखी सुरू होते," असं म्हणून तो पुन्हा कामाला लागायचा.

या पाववाल्याबद्दल सांगायला हवं, कारण सगळं त्याच्यावरच अडलं. माझ्या गावाचे दरवाजे बंद झालेले आहेत. बाहेर अडकलेल्यांना काही द्यायचं नाही, असा हुकूम आहे. पाववाला मागच्या दाराने रोज त्यांना पाव देतो. त्या दाराला भक्कम कुलूप बसवून दे, असं तो किल्लीवाल्याला, म्हणजे तुम्हाला, सांगतो. तुम्ही बसवता. मग एके दिवशी शिपाई तुम्हालाच तिथे आणतात आणि म्हणतात, हे कुलूप तुझं ना? उघड.

इथवर मी तयार झालो आणि एका मोठ्या कंपनीच्या मॅडमने बोलावणं पाठवलं. ती कंपनी गेम बाजारात आणते. मॅडमचा निरोप रोखठोक होता. कल्पना आवडली, पण गुण आणि पातळ्या ठळक दिसू द्या. शुक्रवारी चालता गेम दाखवा, पसंत पडला तर आम्ही घेतो. धाकट्याला त्याच सुमारास दुसऱ्या शहरात नोकरी मिळत होती. कंपनीने नाही म्हटलं तर तो ती धरणार, हे घरात ठरून गेलं होतं. तो गेला की मला चालवणारं कुणी नाही. ताईचे शब्द फायलीत पडून राहिले असते आणि मी मेलो असतो.

आणि गुरुवारी मी गोठलो.

खेळून तपासताना धाकट्याने शिपायांना दार उघडून दिलं, त्यांनी पाववाल्याला नेलं आणि दुसरी सकाळ उजाडली. बाजारात, विहिरीवर, लग्नघरात, कितीतरी प्रसंगांत पाववाल्याचं नाव होतं. मी नावामागचा माणूस शोधला. सापडला नाही. नसलेल्या माणसाचं काय करायचं, हे मला कुणी शिकवलंच नव्हतं. मी जागच्या जागी थिजलो. धाकट्याने पुन्हा चालवलं, पुन्हा थिजलो.

ताई तेव्हा खाली आईबरोबर जेवत होती. धाकट्याने जिन्याकडे पाहिलं आणि माझ्यात एकच ओळ घातली. सकाळ झाली की पाववाल्याला भट्टीपाशी उभा कर.

झालं. मी धावायला लागलो. आदल्या दिवशी ज्याला दंडाला धरून नेलं, तो सकाळी भट्टीपाशी उभा. "ये रे ये, आत्ताच काढलेत, गरम आहेत," असं म्हणून हसायचा. मला सगळं आठवत होतं हो. दार कुणी उघडलं, कोण गप्प राहिलं, सगळं. पण माझ्या तोंडून त्या माणसाचं हसू काढलं जात होतं. ताई ज्या गेमवर खेकसली होती, तोच मी झालो होतो. आणि तिला ठाऊकच नव्हतं.

शुक्रवारी दुपारी कंपनीच्या काचेच्या खोलीत मला मोठ्या पडद्यावर लावलं. एसीचा गारवा, टेबलावर पाण्याच्या बाटल्या. धाकटा कंट्रोलर घेऊन सरसावला, तर मॅडमने हात पुढे केला.

"द्या इकडे. मी खेळते. तुम्ही दोघं अगदी गप्प बसायचं. बनवणारे शेजारून सांगायला लागले की गेम कळत नाही."

धाकट्याचा चेहरा उतरला. तो खेळला असता तर त्याने शिपायांना दार उघडूनच दिलं नसतं. खोट झाकली गेली असती.

मॅडम मुरलेली खेळाडू निघाली. तिने आधी माझ्या भिंती चाचपल्या, छपरावर चढता येतं का पाहिलं, लोकांच्या घरात विनाकारण शिरून आली. "हा किती हळू चालतो! पाय दुखतायत का याचे?" असं पुटपुटली. मग कुलपं उघडायला लागली. एक, दुसरं, तिसरं. हात बसला. पाववाल्याने फुकट पाव दिला तेव्हा हसली. त्याचं कुलूप तिने मन लावून बसवलं.

मग शिपाई आले.

पडद्यावर तीन उत्तरं उमटली. 'उघडतो.' 'किल्ली हरवली.' आणि तिसऱ्या जागी नुसतं गप्प राहणं. मॅडमचं बोट हवेत थांबलं.

"यात जास्त गुण कशाला आहेत?"

ताईने ओठ घट्ट मिटले.

"बरोबर. मीच गप्प बसा म्हटलंय." मॅडम पुन्हा पडद्याकडे वळली. "शिपायाशी वाकडं कोण घेणार," असं म्हणून तिने बटण दाबलं. दार उघडलं.

पाववाल्याला बाहेर आणलं तेव्हा त्याच्या हातांना पीठ लागलेलं होतं. पावाच्या रांगेतल्या बायका बघत होत्या. तो किल्लीवाल्यासमोरून गेला, एक शब्द बोलला नाही. ताईने त्याला तिथे वाक्यच दिलेलं नव्हतं.

"अरेरे," मॅडम म्हणाली. "मला वाटलं, नुसती झडती घेतील."

पडद्यावर 'पुढची सकाळ' असं लिहून आलं. आता तिने बटण दाबलं की तो भट्टीपाशी उभा राहणार, हसणार. मला ओरडता आलं असतं तर मी ओरडलो असतो. धाकट्याच्या कपाळावर त्या गारव्यातही घाम होता. गप्प बसला असता तर सगळं सुरळीत झालं असतं. गेम न अडता चालला असता, कदाचित पसंतही पडला असता. मॅडमचा अंगठा बटणावर टेकला.

"थांबा!" धाकटा उभा राहिला. "मॅडम, पुढे नका जाऊ. ताई… तो सकाळी तिथेच असेल. मी उभा केलाय त्याला."

ताईला कळायला एक क्षण लागला. मग तिच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. "उभा केलायस? ज्याला नेलं त्याला?"

"गेम गोठत होता गं. काल. वेळ नव्हता."

"म्हणजे मी काहीही केलं असतं तरी तो तिथेच असता?" मॅडमने विचारलं. आवाजात राग होता. फसवल्या गेलेल्या माणसाचा राग.

"हो."

"काढा ती ओळ."

"मॅडम, काढली तर बहुतेक पुन्हा गोठेल."

"गोठू दे. काढा."

धाकट्याने लॅपटॉप ओढला. घाईत दोनदा चुकीची ओळ पकडली. ओळ गेली. मॅडमने बटण दाबलं.

सकाळ झाली. भट्टीला धूर नव्हता. बंद दारासमोर लोक रिकाम्या पिशव्या घेऊन उभे होते. त्यातल्या एका बाईने मान वळवून किल्लीवाल्याकडे पाहिलं. आणि मी थिजलो.

मॅडमने बटणं दाबून पाहिली. काही नाही. धाकटा मान खाली घालून म्हणाला, "संपलं. गोठला."

मॅडमने कंट्रोलर खाली ठेवला नाही. "ही बाई माझ्याकडे अशी का बघतेय?"

"तुम्ही दार उघडलंत ते तिने पाहिलंय," ताई म्हणाली.

"मग मी काय करणार होते? शिपाई समोर उभा होता. मला काय माहीत, नेतील म्हणून? आणि मी नसतं उघडलं तर त्यांनी दार फोडलंच असतं ना?"

कुणी तिला दोष दिला नव्हता. समोर एक थिजलेलं चित्र होतं आणि एवढ्या मोठ्या कंपनीतली बाई त्या चित्राला आपली बाजू समजावत होती. त्या क्षणी मी मोडून पडलेला होतो, पण मी काय आहे हे मला कळलं होतं.

ती भानावर आली, पाणी प्यायली. "हे असं बाजारात नेता येणार नाही. महिनाअखेर ही सकाळ मला चालती दाखवा. तो माणूस परत उभा न करता. जमलं तर बोलू, नाहीतर राम राम."

"आणि पातळ्या?" ताईने विचारलं. तिला दम म्हणून निघत नाही.

"त्यावर तेव्हा भांडू," मॅडम म्हणाली.

जिन्यात भावंडं थांबली. मी धाकट्याच्या पाठीवरच्या बॅगेत होतो.

"मला का नाही सांगितलंस रे?"

"सांगितलं असतं तर तू तो 'तर' खोडून टाकला असतास. माझी दया येऊन."

ताईने बॅगेचा एक बंद त्याच्या खांद्यावरून उतरवून स्वतःच्या खांद्यावर घेतला. मग दोघं तशीच वेडीवाकडी जिना उतरली आणि मी मधे लोंबकळत राहिलो.

आता महिनाअखेर जवळ येतेय. नोकरीवाल्यांनीही धाकट्याकडे तेव्हाच उत्तर मागितलंय. रोज तो एक जागा उघडतो, जिथे पाववाल्याचं नाव आहे, आणि त्याचं नसणं लिहितो. ताई शेजारी बसून सांगते. लग्नघरात पाव येणार नाही, तर वऱ्हाडी काय म्हणतील? त्याची उधारी ज्यांच्याकडे होती, ते हळूच सुटकेचा श्वास टाकतील का? काल आई चहा द्यायला वर आली, थोडं ऐकून म्हणाली, "एका माणसाला न्यायला क्षण लागला, आणि तुम्ही आठवडाभर त्याचंच निस्तरताय!" दोघं हसली. मला हसू आलं नाही.

मी तुमच्यापर्यंत पोचेन की नाही, मला माहीत नाही. पोचलो, तर एवढंच मागतो. बरोबर उत्तर कुठलं, ते आधी कुणाला विचारून येऊ नका. शिपाई समोर आला की बोट थांबेल, ते थांबू द्या. घाबरलात तर घाबरा, खोटं बोललात तर बोला. नंतर मागे जाऊन पुसू नका. दुसऱ्या सकाळी माझ्या रस्त्यावरून चालत जा आणि लोकांच्या नजरा घ्या. पातळी किती वाढली, ते पुढे कधीतरी बघा.

आत्ता धाकट्याने विहिरीवरचा प्रसंग उघडलाय. खाली मशीन चालू आहे, माझा पडदा थरथरतोय. पाणी भरणाऱ्या बायकांपैकी एकीने सवयीने पाववाल्याचं नाव घेतलं. मी माणूस शोधला. सापडला नाही. धाकट्याने श्वास रोखलाय, ताईने त्याचा दंड धरलाय.

विहिरीवरच्या बायका गप्प झाल्या. मग एकीने कळशी उचलली, आणि मी पुढे सरकलो.